सीटखालचे दात

किल्ली फिरली, पण सीट उघ

तुटली केबल. वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही मेलीने.

मिस्त्रींनी पुन्हा किल्ली फिरवली. एरवी फिरवली की आतली तार ताणली जायची, मागचा खटका सुटायचा आणि मोटरसायकलची सीट वर यायची. आज किल्ली नुसती गरगर फिरली, जणू तिचं सीटशी काही देणंघेणंच नाही.

तशी ही केबल काही एका दिवसात तुटली नव्हती. तिचा एकेक धागा सुटत होता, किल्ली जड जात होती आणि बायको घसा कोरडा करत होती, "अहो, बदला ती केबल!" मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "जाते की अजून." आणि हेच गृहस्थ आपल्या गॅरेजात गिऱ्हाइकांना दरडावायचे, किल्ली जड लागली की केबल गेली समजा, अडकून पडाल!

पडले अडकून.

सीटखाली काय होतं? मिस्त्रींचे दात. वरचे आणि खालचे, रुमालात गुंडाळलेले.

(हसू नका, कारण होतं. कवळी नवी होती आणि जरा सैल. एकदा भर रस्त्यात मिस्त्री हेल्मेटमध्ये शिंकले. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून गाडीवर बसायच्या आधी दात सीटखाली.)

नेमकी आजच संध्याकाळी लेक तिच्या त्याला घरी आणणार होती. तिचा तो, म्हणजे ज्याच्याशी तिने लग्न ठरवलं होतं आणि ज्याला घरच्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, दात घालून बसा. आणि जरा गोड बोला. तो आधीच घाबरलाय. म्हणतो, तुझे बाबा फोटोत फार कडक दिसतात." एकुलती एक लेक. मिस्त्रींनी शब्द दिला होता, तोही दातांसकट.

दात नसले की मिस्त्रींच्या तोंडून त, थ, द, स निघायचे नाहीत. त्यांच्या जागी नुसता ह. म्हणून ते या अक्षरांना वळसा घालून बोलायचे.

"काय झालं?" गॅरेजच्या दारातून बायकोने विचारलं.

"केबल गेली." एकही अडचणीचं अक्षर नाही. छान.

"अग्गोबाई! जात होती ना अजून?"

मिस्त्रींनी ऐकलंच नाही. "पक्कड आण."

तिने पक्कड आणून दिली आणि समोर स्टूल घेऊन बसली. असा खेळ फुकट कुठे मिळतो?

मिस्त्रींनी बाजूचं झाकण खोललं. आत तुटक्या केबलचं टोक लोंबत होतं, दाढीच्या जुन्या ब्रशासारखं पिंजारलेलं. ते पकडीत धरून ओढायचं, आणि त्याच वेळी कुणीतरी सीट वरून दाबायची, म्हणजे खटका मोकळा होतो. काम सोपं. फक्त एक शब्द लागत होता.

"हाब," मिस्त्री म्हणाले.

"कोण हाब?"

"हीट हाब!"

"हातोडी हवीय का?"

बायकोला पहिल्या हाबलाच सगळं कळलं होतं. पण अशी संधी रोज

फाटक वाजलं.

लेक आली. मागे तो. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा.

"नमस्कार काका. आत काही अडकलंय का?"

मिस्त्री पक्कड धरून गप्प. लेकीचा चेहरा पडला. आता गप्प राहणं म्हणजे कडकपणाच. मिस्त्रींनी मनाचा हिय्या केला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"हाह."

मुलगा क्षणभर बघत राहिला. मग घाबरून हसला, "हा हा."

"हाह!" मिस्त्रींनी सीटकडे बोट केलं.

"हा हा हा!" मुलगा आणखी जोरात.

"बाबा, उगाच दात काय काढताय?" लेक कळवळली.

"अगं, तेच तर करतायत केव्हापासून," बायको म्हणाली. "निघत नाहीयेत."

आधी लेकीला कळलं. ती पोट धरून खालीच बसली. मुलाला जरा उशिरा कळलं, पण मग त्याने हेल्मेट टाकलं, दोन्ही हात सीटवर रोवले आणि ओरडला, "ओढा काका!"

खट्!

मिस्त्री पाठमोरे झाले. रुमाल, चूळ, टकटक. मग खिळ्यावरची नवी केबल काढून त्यांनी तिच्या एका टोकाची गोळी किल्लीमागच्या खाचेत बसवली, दुसरं टोक खटक्याला अडकवलं, किल्ली फिरवली. नुसत्या बोटाने सीट वर आली. आता कुठे ते मुलाकडे वळले आणि सगळ्या त-द-सांसकट विचारते झाले,

"तुझ्या गाडीच्या सीटची किल्ली कशी फिरते?"

"तशी जड जाते," मुलगा म्हणाला. "पण जाते की अजून."

बायकोने लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे.

"सापडला बाई तुला! अख्ख्या जगात हुडकून हुडकून अगदी हाच सापडला!"

मिस्त्रींनी खिळ्यावरून दुसरी केबल काढली आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकला.

"चल, आण इकडे गाडी. आणि खरं सांग, सीटखाली काय ठेवलंयस?"

मुलाचे कान लाल झाले.