धवल्याची दुसरी जोडी

गुरुदत्त केळुसकरांना आठवड्याचे सात दिवस पुरत नसत. दिवसभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा, मंगळवारी संध्याकाळी कल्याणच्या ज्येष्ठ नागरिकांचं वृंदगान, गुरुवारी ठाण्याला वर्तकनगरच्या बायकांचं, आणि रविवारी डोंबिवलीत त्यांचा लाडका, चाळीस जणांचा वृंद. मधल्या वेळात फोन. कुणाचा घसा बसलाय, कुणाला पहिल्या रांगेत उभं राहायचंय, कुणाची सून म्हणते घरात सराव नको. "तुम्ही घरी पाहुण्यासारखे येता," बायको म्हणायची, "आता पाहुण्यासारखे चहा तरी गरम असताना पीत जा." पण रविवारी चाळीस गळे एका सुरात लागले, की या माणसाच्या अंगावर बावीस वर्षांनीही काटा यायचा. त्यापुढे चहाची काय कथा.

सरांची एक खोड होती. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागी ते लाल पेन्सिलीने खूण करून देत. खुणेवर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा, हा दंडक. वृंदही मोठा आज्ञाधारक. फक्त बायजाकाकी ऐकत नसत. भोपरच्या आगरी, पासष्टी उलटलेल्या, गळा खणखणीत. खूण आली की त्या खुशाल गात राहायच्या आणि भलत्याच जागी दम घ्यायच्या. "काकी, सगळ्यांबरोबर," असं सर वर्षभर घसा फोडून सांगत होते. काकी मान डोलवायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी सरांनी त्यांना मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला उभं केलं.

एकदा सराव संपल्यावर काकी थांबल्या.

"सर, मना आठ बायका द्याल काय? नातीची हलद हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आगऱ्यांच्या लग्नात बायका धवले गातात. काकी धवलारीण, चाळीस वर्षं त्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या मुलींची लग्नं गाऊन लावली, ती शेजारच्या मालनच्या जोडीने. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तीच ओळ उचलून फिरवायची. मालन दीड वर्षापूर्वी वारली. एकटीने धवला गायचा नाही, हा दोघींचा नेम होता, म्हणून काकींचा धवला तेव्हापासून बंद झाला. आजूबाजूला कुणीतरी गात असावं, एवढ्यासाठी त्या वृंदात आल्या होत्या. आता नात समृद्धीचं लग्न ठरलं होतं आणि काकींचा मुलगा धनेश म्हणत होता, डीजेवाल्याकडे धवल्याचं रेकॉर्डिंग आहे, तेच लावू.

"दुसऱ्यांच्या पोरींना मी गायले," काकी म्हणाल्या, "न माझी समृद्धी पाटावर बसंल तं मशीन गाईल." त्या रडल्या नाहीत. नुसत्या पदराचं टोक चाचपत उभ्या राहिल्या.

सरांनी आठ जणी निवडल्या. बँकेतली करिश्मा, दोन निवृत्त शिक्षिका, कुणी मालवणकडच्या, कुणी साताऱ्याच्या. शब्द लिहून काढले आणि सवयीप्रमाणे लाल खुणा केल्या. पुढच्या रविवारी काकींनी ओळ म्हटली, आठ जणींनी उचलली, आणि खूण येताच आठही जणी एकदम थांबल्या. गाण्यात भोक पडलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काकींनी डोळे मिटून घेतले.

"सर, या सगल्या एकदम दम घेतान. मंग गाना कोन धरील?"

"म्हणजे?"

"मी दम घेतला का मालन धरायची. तिनं घेतला का मी. गाना खाली नाय ठेवायचा."

सरांनी सगळ्या वृंदाला नेहमीचं गाणं म्हणायला सांगितलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच समोरची जागा सोडून ते मागे, खांबाच्या आड, काकींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पहिली खूण आली. सगळा वृंद श्वासासाठी थांबला, सभागृह रिकामं झालं, आणि त्यांच्या कानाशी एक आवाज मात्र तसाच चालत राहिला. बाकीचे परत येईपर्यंत त्याने सूर सोडला नाही. दुसऱ्या खुणेला तसंच. तिसऱ्या खुणेलाही.

म्हणजे वर्षभर ही बाई चाळीस जणांचं गाणं एकटीने धरून होती, आणि आपण तिला त्याबद्दलच बोलत होतो. सरांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी वाटलं. एवढी शिबिरं केली, एवढे गुरू केले, आणि हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. ते इथे, आपणच ठरवून दिलेल्या अडगळीत, दर रविवारी चालू होतं. त्यांनी खोडरबर मागवलं आणि सगळ्या खुणा पुसायला बसले.

हळदीला भोपरला मांडवात माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे होते. धनेशने डीजेवाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं होतं. आईचं मन राखायचं म्हणून, त्याहून जास्त नाही. समृद्धी पाटावर बसली. काकींनी पहिली ओळ म्हटली आणि आठ जणींनी ती उचलली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. डीजेवाला खुर्ची ओढून ऐकत बसला.

मग आजीने नातीला हळद लावायची वेळ आली. काकींनी गातगातच बोटं हळदीत बुडवली, समृद्धीच्या गालाला लावली, आणि ओळ पुरी होताच त्यांची बोटं तिथेच थांबली. पुढचा शब्द येईना.

हा धवला कागदावर नव्हता, पुढची ओळ काकींनाच ठाऊक होती. आठ जणींकडे होती ती फक्त काकींनी नुकतीच म्हटलेली. त्यांनी तीच फिरवली. काकी सुरू होईनात, म्हणून पुन्हा फिरवली. सरांचा हात सवयीने वर गेला, पण द्यायला खूणच नव्हती. एक जण श्वासाला थांबली की शेजारची धरत होती, तिने सोडलं की करिश्मा, आणि कोण कधी थांबतंय ते समोर उभ्या सरांनाही कळेना. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मांडवात एवढी माणसं, पण हालचाल नाही. तीच ओळ पाच वेळा झाली, सहा वेळा झाली. समृद्धीने आजीचं हळदीने भरलेलं मनगट धरून ठेवलं होतं. धनेश बायकांच्या मागे येऊन उभा राहिला होता आणि त्याचेही ओठ हलत होते.

नवव्या वेळी, ओळ संपायच्या आत, बायजाकाकींनी ती त्यांच्या तोंडातून उचलली आणि पुढे नेली.