दुरुस्तीतला रु

माझ्या निम्म्या गोष्टी थापा असतात. ही उरलेल्या निम्म्यांतली. लिफ्टमधलं लग्न तेवढं सोडून द्या.

आमची कंपनी लिफ्ट सांभाळायची. तळघरात एक जुनाट संगणक-यंत्र होतं. ते सुरू करून माणसाने दाढी करून यावं, तर यंत्र चालू होईतो दाढी पुन्हा वाढलेली. लिफ्ट अडकली की तक्रार त्या यंत्रावरच्या माझ्या प्रोग्रामकडे येई. तिसऱ्या मजल्यावर, नव्या यंत्रावर, पंतोजीचा प्रोग्राम. तो कारागीर धाडी. दोन्ही यंत्रांची जात वेगळी, बोली वेगळी, त्यात वरचं यंत्र आठवड्याला पत्ता बदलणारं. म्हणून मधे एक नामावली ठेवलेली. प्रत्येक प्रोग्रामने तिथे आपलं नाव, पत्ता आणि ओळभर माहिती लिहायची. ज्याला जो हवा, त्याने नाव घेऊन पत्ता विचारायचा.

पंतोजी हे आम्ही ठेवलेलं नाव. माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, पण शुद्धलेखनाचा इतका कडवा की स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका त्याने तीनदा छापखान्यात परत धाडल्या होत्या. त्याने आपल्या प्रोग्रामचं नाव नोंदवलं 'दुरुस्ती'. मी माझ्याला शोधायला सांगितलं 'दुरूस्ती'. एका उकाराचा फरक. माझा प्रोग्राम खालून हाका मारतोय, त्याचा वर हाताची घडी घालून बसलाय, आणि दोन तास लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन अनोळखी माणसांचं तेवढ्यात लग्न ठरलं.

साहेबांच्या खोलीत चौकशी झाली.

"रु ह्रस्व आहे," पंतोजी म्हणाला. "सहावीतलं पोरही सांगेल."

"लिफ्ट दोरावर चालते बाबा, तुझ्या उकारावर नाही."

"आणि तुझ्या अडाणीपणामुळे बंद पडते!"

सगळे हसले. मला ते झोंबलं. मी बोलून गेलो, "घरात शिकवायला पोर नाही, म्हणून आमच्या मानगुटीवर बसतोस होय?"

हसणं थांबलं. पंतोजीने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तो उठून गेला. चारचा आमचा चहा त्या दिवसापासून बंद.

माफी मागायला जीभ वळेना, आणि उकार बदलणं म्हणजे नाक कापून घेणं. मग मी मधे एक चिमुकला प्रोग्राम बसवला, दुभाष्या. नामावलीत 'दुरूस्ती' सापडली नाही की तो हळूच सांगायचा, "यांना 'दुरुस्ती' म्हणायचंय." पुढे अकरा वर्षं मी भेटेल त्याला ऐकवत सुटलो: आम्ही दोघं बोलत नाही, पण आमचे प्रोग्राम माझ्या दुभाष्यामुळे सुखाने नांदतात!

दोघेही निवृत्त झालो. परवा ते तळघरातलं यंत्र मोडीत निघालं, म्हणून आवराआवरीला मला बोलावलं. दुभाष्याने किती निरोप पोचवले ते पाहावं म्हटलं. बढाई मारायला बरं. तर पठ्ठ्याने उणेपुरे चार दिवस काम केलेलं. भांडणानंतरचे चार. नंतर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी नामावलीतली अख्खी नोंद उघडली. नाव: 'दुरूस्ती'. दीर्घ. पाचव्या दिवशी पंतोजीने स्वतःच्या हाताने चुकवलेलं. आणि माहितीच्या ओळीत: 'अशुद्ध आहे, पण तुझ्यासाठी. चारला चहाला ये.'

माझा प्रोग्राम दिवसातून शंभरदा त्या नोंदीपाशी जायचा आणि पत्ता तेवढा उचलून यायचा. मी त्याला तेवढंच शिकवलं होतं.

तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "भावजी! फार उशीर केलात हो. माणसं ओळखत नाहीत ते आता. मलासुद्धा ताई म्हणतात."

पंतोजी खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, हातात लाल पेन्सिल. मी हाक मारली. त्याचा खांदा हलवला. मान वर होईना. शेवटी खिशातल्या कागदावर लिहून त्याच्यापुढे धरलं: 'चूक माझी होती. दुरूस्ती करायला आलोय.'

त्याने वाचलं. पेन्सिल सरळ त्या रूवर गेली. काट मारून त्याने वर सुबक ह्रस्व रु काढला आणि कागद मला परत दिला. मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत मायेने म्हणाला, "सुधारेल हं. कुणाचा रे तू?"

वहिनी लगबगीने आत वळल्या. थोड्या वेळाने चहा आला. साखर घालायची राहिली होती. मागायला तोंड नव्हतं, तसाच प्यायलो.