तिसऱ्या पेटीचा दिवा

आमच्या लॅबमधल्या तीन पेट्या कधीच बंद करायच्या नसतात. एवढी एक गोष्ट मी माझ्या सख्ख्या बापाला सांगायची विसरले, आणि त्यानंतरचे तीन दिवस मी जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

लॅब लालबागला, मसाल्याच्या गिरण्यांच्या मागे, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. जिन्यात मिरचीचा खकाणा आणि काचेच्या दाराआड एसीचा गारठा. लोकांची मोजायची यंत्रं आमच्याकडे तपासायला येतात. ती बरोबर आहेत की नाही हे आम्ही सांगतो, आणि आम्ही बरोबर आहोत की नाही हे त्या तीन पेट्या सांगतात. प्रत्येक पेटी दहा व्होल्ट देते, वर्षानुवर्षं तेवढेच. आतला हीटर कायम गरम राहिला तरच त्या दहाचा भरवसा. वीज गेली तर पेटीतली बॅटरी दीड-दोन दिवस सांभाळते. तीही संपली की समोरचा हिरवा दिवा विझतो, आणि पुन्हा वीज दिली तरी आपला आपण लागत नाही. विझलेला दिवा म्हणजे ही पेटी थंड पडली होती, हिच्यावर आता विश्वास ठेवू नका.

दर सोमवारी मी तिन्ही पेट्या एकमेकींशी ताडून बघते. त्यात तिसरी सगळ्यांत मानाची. दरवर्षी ती वरच्या लॅबमध्ये, म्हणजे आमच्यासारख्यांना तपासणाऱ्या मोठ्या लॅबमध्ये, तपासून येते आणि मग बाकीच्या दोघी तिच्यावरून लावून घ्यायच्या. अकरा वर्षांत तिचा दिवा एकदाही विझला नव्हता.

लॅब मृणालिनीबाईंची. माटुंग्याला राहतात, साठी उलटलीय, आवाज कधीच चढत नाही, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी हितेंद्र नावाच्या शिपायाने मोबाइल चार्ज करायला तिसऱ्या पेटीचा प्लग काढला होता. बॅटरी होती, दिवा शाबूत राहिला, पण दुपारी बाईंनी हितेंद्रला शांतपणे सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्याच्या जागी मी बाबांना चिकटवलं.

माझे बाबा, कुशाबा, बावीस वर्षं मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर इथेतिथे वॉचमनकी केली. मग आई गेली, वॉचमनकीही सुटली, आणि पुढची चार वर्षं त्यांनी चाळीतल्या खोलीच्या दारात बसून काढली. दिवसाला चार शब्द बोलायचे, तेही चहापुरते. लॅबमध्ये आले आणि माणूस पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. ते दारातलं बसणं परत येईल याचीच मला भीती.

मिलची एक सवय त्यांनी इथे आणली. तिथे ज्याने मशीन थांबवलं त्यानेच वेळ आणि कारण लिहून सही करायची, असा नियम होता. बाबांनी शंभर पानी वही आणून दोरीने दाराला टांगली. ‘१०.२०. कबुतर आत आलं. हाकललं. कु.’ ‘४.०५. एसीतून पाणी. बादली ठेवली. कु.’ मी त्यांची टिंगल करायचे. वही कोणी वाचत नव्हतं, आणि हळूहळू माझंही तिच्याकडे लक्ष जाईनासं झालं.

खंडेनवमीची पूजा दरवर्षी मी करते. हार, हळदकुंकू, पेढे, पण बंद काही करायचं नाही. यंदा गुरुवारी शाळेतून फोन आला, आकांक्षाला, माझ्या लेकीला ताप भरलाय. मी तीनलाच निघाले आणि बाबांना म्हटलं, पूजा तुम्हीच उरका. बाईंचं त्या दिवशी बाहेर काम होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, लॅबला सुट्टी.

शनिवारी सकाळी नऊला दार उघडलं तर आत उकडत होतं. एसी बंद, मीटर बंद, प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार. मी पेट्यांकडे धावले. एक आणि दोनच्या बॅटऱ्या नव्या होत्या, त्यांचे हिरवे दिवे कसेबसे तग धरून होते. तिसरीचा विझला होता. मी जाऊन मेन स्विच वर केला.

“बाबा, मेन कोणी बंद केलं?”

“मीच केलंय,” बाबा म्हणाले. “चालू मशीनची कोण पूजा करता? वर्साचो एक दिवस तेंकाही आराम नको? काय बिघडला काय गो अनुजा?”

“काही नाही. पण हे कोणाकडे बोलू नका.”

शनिवारी बाई येत नाहीत, म्हणून निभावलं. सोमवारी परीक्षक येणार होते. लॅबची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्यांच्या हातात. खरं सांगितलं असतं तर तिसरी पेटी वरच्या लॅबमध्ये पाठवून अर्धं काम दोन महिने थांबवावं लागलं असतं. तेही चाललं असतं. पण बाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, बंद कोणी केलं?

रविवारी बाईंना थाप मारून मी एकटी आले. पेटी एव्हाना पुरती गरम झाली होती. इतर दोघींशी ताडून बघितली तर ती सरकली होती. किती? दहा व्होल्टचे एक कोटी भाग करा, त्यातले आठ. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मीटरांना हे दिसणारही नाही. मी स्वतःला हेच बजावत राहिले, आणि मला माहीत होतं की मी स्वतःला बनवतेय. आठ भागांचा ज्यांना फरक पडत नाही ते आमच्याकडे येतच नाहीत.

मी सील फाडलं. बारीक स्क्रू फिरवत फिरवत पेटी मागच्या सोमवारच्या आकड्यावर आणली. म्हणजे ज्या दोघी तिच्यावरून लावायच्या, त्यांच्यावरून मी तिलाच लावली. पाठीमागे सुईएवढं भोक आहे, त्यात पिन दाबली की दिवा परत लागतो. वरच्या लॅबने तपासल्यानंतरच ती दाबायची असते. मी दाबली. नवीन सील लावून त्यावर जुनी तारीख घातली, आणि कॉम्प्युटरवरच्या रोजच्या नोंदींच्या शीटमध्ये शनिवारपुढे लिहिलं: तिन्ही दिवे चालू. दिवा लागला आणि मला आधीपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दचकत होते. घरी जेवताना बाबांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का, आणि मी त्यांच्यावर खेकसले.

सोमवारी परीक्षक आले. गंगाधर साहेब, पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी शीट बघितली, सील बघितलं, हिरवा दिवा बघितला आणि मान डोलावली. बाई त्यांना दारापर्यंत घेऊन आल्या आणि तिथे साहेबांचं लक्ष दोरीच्या वहीकडे गेलं.

“हे काय?” त्यांनी वही हातात घेतली. कबुतर वाचून हसले. पाणी वाचून हसले. असं रजिस्टर मोठमोठ्या लॅबमध्ये नसतं, असं बाईंना म्हणाले. बाबा खुलले. साहेब एकेक पान उलटत पुढे येत होते आणि मी मनातल्या मनात तारखा मोजत होते. गणपती झाले. पितृपक्ष झाला. मग त्यांचं बोट थांबलं.

मला लांबूनही बाबांचं अक्षर दिसत होतं. ‘खंडेनवमी. ५.००. सर्व मशीन बंद. पूजा केली. कु.’ आणि खाली, ‘शनिवार. ९.१०. अनुजाने चालू केली. कु.’

साहेबांचं हसू गेलं. “कुशाबा, वीज तुम्ही बंद केली होती? या पेट्यांचीसुद्धा?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना सगळं कळलं. त्यांनी हात जोडले. मिलमध्ये कुठल्या साहेबापुढे हात जोडले नाहीत, हे चाळीत अभिमानाने सांगणारा माणूस.

“नाय साहेब. मशीन चालूच होती. उगाच लिवलंय. खोटा लिवलंय मी.”

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. साहेब म्हणाले, बरं, असं पुन्हा लिहू नका. त्यांनी पान उलटलं. झालं होतं. मी सुटले होते, बाबांची नोकरीही कदाचित वाचली होती. फक्त बाबा मान खाली घालून उभे होते, अगदी चाळीच्या दारात बसायचे तसे. ज्या बसण्याला मी घाबरत होते ते माझ्यामुळेच परत आलं होतं.

“साहेब,” मी म्हणाले. “वहीत आहे ते खरं आहे. खोटं माझ्या शीटमध्ये आहे. तिसरीचा दिवा विझला होता. मी परत लावला.”

मग बाईंनी नेहमीच्याच शांत आवाजात सांगितलं की तिसरी पेटी कामातून काढा, आणि तिच्यावर विसंबून काम होणार नाही. आमच्या दोघांचं काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

बाबांनी साहेबांच्या हातून वही घेतली. खिशातलं पेन काढलं. “किती वाजले गो?” त्यांनी मला विचारलं.

“अकरा चाळीस.”

त्यांनी सावकाश लिहिलं: ‘११.४०. तिसरी पेटी थांबवली.’ पुढे सही केली नाही. वही माझ्यापुढे धरली.