अडतीस वाचक

"माझे नऊ हजार वाचक खाल्ले कुणी?" फोनवर एक प्राध्यापक तडकले होते.

"बॉट होते सर ते. आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम. आता मोजणीतून वगळलेत," तक ग्वी-नाम अजिजीनं म्हणाला. "माणसं एकसष्टच."

पलीकडून फोन आपटला गेला. सकाळपासूनचा हा पाचवा.

दक्षिण कोरियातल्या मोकपो शहरात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तक एकोणीस वर्षं डिजिटल प्रबंध सांभाळत होता. सर्व्हर बंद पडला तरच लोकांना त्याचं नाव आठवे. गेल्या आठवड्यात त्यानं आठ जुने सर्व्हर एकाच नव्या यंत्रात हलवले. एका घरात आठ बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचं. सगळी सुखरूप नांदायला लागली. फक्त नव्या व्यवस्थेतली मोजणी खरी निघाली, आणि तकची झोप उडाली.

कारण आज वान्दो बेटावरच्या जोम-रे आई येणार होत्या. खायच्या समुद्री शेवाळाची शेती करायच्या. त्यांची मुलगी सो-दाम प्रबंध दिल्यावर दुसऱ्याच वर्षी आजारपणात गेली. तिच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी आई दरवर्षी यायच्या आणि विचारायच्या, "माझ्या पोरीचं किती जणांनी वाचलं?" मग तो आकडा श्राद्धाच्या पानासमोर बसून लेकीला सांगायच्या. गेल्या वर्षी चार हजार एकशे बारा होता. आता अडतीस.

तकनं जुना सर्व्हर, जुन्या मोठ्या आकड्यासकट, नव्या यंत्राच्या एका कोपऱ्यात जसाच्या तसा चालू ठेवला होता. फक्त त्यांच्यासाठी.

"सर, हे खोटं आहे," शेजारच्या टेबलावरची यून-सल म्हणाली.

"ठाऊक आहे गं. मग तू सांगतेस का त्यांना?"

ती पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळली.

आई आल्या. "जेवलात का साहेब? वाळलात हो!" चष्मा पुसत त्या खुर्चीवर टेकल्या. "आकडा नीट सांगा हं. लेकीशी मी कधी खोटं बोलले नाही."

तकचा हात माऊसवरच थांबला. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. "माणसं अडतीसच, आई."

आईंनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. तकला स्वतःचीच चीड आली.

"चार हजार माणसं माझ्या डोळ्यांपुढं कधी आलीच नाहीत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "अडतीस म्हणजे आमचं अख्खं गाव की! एवढ्यांना जेवायला घालता येतं."

त्या गेल्यावर तकनं जुना सर्व्हर बंद केला.

दहा दिवसांनी खोकं आलं. आत वाळवलेल्या शेवाळाच्या अडतीस गड्ड्या आणि चिठ्ठी: 'वाचणाऱ्यांना एकेक. पत्ते तुमच्याकडे असतीलच.'

पत्ते कुठले असायला! वाचणाऱ्यांची नावंसुद्धा कुणी ठेवत नाही.

"एक गड्डी तर तुमचीच ना, सर?" यून-सल म्हणाली. "तुम्ही प्रबंध वाचलाच असेल."

तक वरमला. तो प्रबंध त्यानं तीनदा या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर जिवापाड जपून नेला होता. वाचला मात्र नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा बाजूला सारला आणि प्रबंध उघडला. शेवाळावरच्या रोगाबद्दल होता. निम्मा डोक्यावरून गेला, तरी तो वाचत राहिला. पानाच्या कडेला आकडा सरकला होता: एकोणचाळीस.

आईंना कळवायला हवं होतं, एक गड्डी कमी पडली.