बत्तीस गुणांचा रणवीर

देवासची कृतिका भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि लोकांचे बिघडलेले सर्व्हर दुरुस्त करू लागली. हे काम तिच्या आईला कोणाला समजावून सांगता येत नसे, म्हणून ‘मुलगी इंटरनेटची डॉक्टर आहे’ एवढंच ती सांगे. ते तसं खरंच होतं. दुखणं हाताबाहेर गेल्याशिवाय कृतिकाकडेही कोणी येत नसे.

धारचे गोपाळरावही तसेच आले. माळव्यातल्या मराठी घरांच्या सोयरिकी जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. यंदा पुतण्या विपुलने त्यांना वेबसाइट करून दिली. पत्रिका भरायची आणि जुळणारी स्थळं गुणांसकट बघायची. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. बदनावरला सोयाबीनचा व्यापार करणारा रणवीर, छत्तीसपैकी बत्तीस गुण, हे स्थळ प्रत्येक मुलीला दिसत होतं. मुलांनाही रणवीरच दिसत होता. खुद्द रणवीरला साइटने रणवीरच सुचवला होता.

“पण साइट एकदम फास्ट आहे ना, दीदी,” विपुल म्हणाला.

धारला जाऊन कृतिकाने सगळं तपासलं, तर दुखणं त्या वेगातच निघालं. सकाळी जो पहिल्यांदा पान उघडेल त्याचं पान जपून ठेव आणि दिवसभर तेच सगळ्यांना दाखव, असं विपुलने सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. बातम्यांच्या साइटला ही युक्ती शोभते. इथे मात्र पोस्टमनने सकाळचं पहिलं पत्र घरोघरी वाचून दाखवावं तसं झालं होतं.

तरी ज्याचं पान त्याचं नाव माथ्यावर होतं, मग कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मजकूर गोपाळरावांनी आजोबांच्या काळच्या मराठीत लिहिला होता. ‘चि. सौ. कां. मधुवंती हिजकरितां अनुरूप वर’ ही ओळ हिंदी शाळेत शिकलेल्या पोरांनी मंगलश्लोक समजून सोडून दिली होती. थोरांनी चष्मा न शोधता फक्त आकडा विचारला होता.

गोपाळरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि बिघाड रविवारपर्यंत तसाच ठेवता येईल का, असं हळूच विचारलं. रविवारी त्याच रणवीरचा धारच्या जयाशी साखरपुडा होता, आणि जयाच्या आईने, माईंनी, होकार दिला होता तो त्या बत्तीस गुणांवर.

“काका, त्या नवरदेवाचा फोन नंबर अर्ध्या माळव्यात वाटला जातोय,” कृतिका म्हणाली आणि तिने दुरुस्ती केली. काम चार ओळींचं होतं.

दुपारी माई जयाला घेऊन दारात हजर झाल्या.

“काल बत्तीस, आज अकरा. एका रात्रीत माझ्या मुलीचे एकवीस गुण गेले कुठे, गोपाळराव?”

गोपाळरावांनी कृतिकाकडे बोट दाखवलं. तिने झालेला प्रकार काही न लपवता सांगितला. माईंना तो लगेच समजला, हीच पंचाईत झाली.

“मग ते बत्तीस कोणाचे? ही मधुवंती कोणाची?”

विपुलने जमिनीकडे पाहिलं. साइट चालते की नाही हे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी बघायला त्याने एक खोटी मुलगी भरली होती. तिला जन्मवेळ हवी होती. “स्कूटरची टाकली,” तो म्हणाला. “शोरूममधून निघाली ती.”

माई खुर्चीत बसल्या. “म्हणजे रणवीरचे बत्तीस गुण तुझ्या स्कूटरशी जुळले.”

“ॲव्हरेजपण चांगलं देते, माई,” विपुल म्हणाला, आणि कोणी सांगायच्या आत बाहेर गेला.

अकरा गुणांवर मुलगी देणार नाही, असं माईंनी जाहीर केलं. तेव्हा जया पुढे झाली.

“बत्तीस होते तेव्हा मी नको म्हणत होते, तर तू मला ढकलत भेटायला पाठवलंस. आता तो मला आवडलाय, तर तू नको म्हणतेस. आकडा बदललाय, आई. तो तोच आहे.”

माईंनी आवाज खाली आणून कृतिकाला विचारलं, “बदनावरच्या लोकांना कळायच्या आत हे पूर्वीसारखं करता येईल?” गोपाळराव आशेने पुढे सरकले.

“येईल. पण मी करणार नाही.”

मग माईंनीच फोन लावला. रणवीरच्या आईला, राजाबाईंना, त्यांनी सगळं सांगितलं, स्कूटरसुद्धा. जयाने डोळे मिटून घेतले होते. पलीकडे राजाबाई इतक्या मोठ्याने हसल्या की ते खोलीभर ऐकू आलं.

“अहो विहीणबाई, अर्ध्या माळव्याचे फोन आले आम्हाला, आणि सगळ्यांचे बत्तीस. मंडीत सगळ्याच पोत्यांवर एकच वजन लिहिलेलं असलं, तर ते वाचतं कोण? आम्ही कधीच सोडलं ते. नाही म्हणाली ती एकटी तुमची जया, म्हणून तर रणवीरने हट्ट धरला.”

सगळ्यांचा आकडा एकच असेल तर त्यातून काहीच कळत नाही, हे कृतिकाला आकडेमोड करून सिद्ध करता आलं असतं. पण खोलीत आता कोणाला त्याची गरज नव्हती.

माईंनी फोन ठेवला आणि पदराने कपाळ टिपलं.

“रविवारी वेळेवर या, गोपाळराव,” त्या म्हणाल्या. “आणि कोणी गुण विचारले, तर पुरेसे आहेत म्हणा.”