चिंचेच्या पोटातली साखळी

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, तोंडावर आली तरी चिंचेचा ओंडका जागचा हलला नव्हता. उदगीरजवळच्या त्या शेतात दरवर्षी चिंचेखाली कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, तिच्यात पांडवांचे पाच दगड मांडायचे आणि सगळ्या भावकीनं आंबिल-भज्जीवर हात मारायचा, असा रिवाज होता. वैशाखातल्या वादळात झाड पडलं आणि त्याची सगळ्यात जाड फांदी नेमकी कोपीच्या जागेवर आडवी झाली. कुऱ्हाड तिच्यावरून नुसती उडायची. शेवटी चांगुणाबाईंचा मुलगा वैजनाथ आपलं छोटं लोडर घेऊन आला. पुढची बादली काढून त्यानं लाकूड फोडायची लोखंडी पाचर जोडली होती.

"मामा, बघत राहा. लोण्यात सुरी जाती का न्हाई."

किशनराव बांधावर बसून बघत होते. सगळी नोकरी वाचनालयात काढलेला माणूस; स्वतःच्या शेतातही पाहुण्यासारखा बसायचा. हरभऱ्यावर अजून धुकं रेंगाळत होतं आणि त्यात ती फांदी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती. तिच्याकडे पाहिलं की त्यांना झोका आठवायचा. फांदीला दोन साखळ्या, त्यांना फळी. पाठीवर वडिलांचा, अप्पांचा तळवा. पानांमधलं आभाळ जवळ येतंय, लांब जातंय, पुन्हा जवळ येतंय. अप्पा काहीतरी गुणगुणतायत.

आणि अप्पा तर असे, की पोरांना कधी जवळ घेतलं नाही. घरात त्यांची चाहूल लागली तरी भांडी वाजायची थांबत.

कालच किशनरावांनी धीर करून थोरल्या बहिणीला झोक्याचं विचारलं होतं. चांगुणाबाई फसकन हसल्या होत्या. "अप्पा आन् झोका? किशन्या, तू लई पुस्तकं वाचली रे. त्यातलंच कुठलंतरी तुझ्या डोक्यात बसलंय."

रात्रभर किशनरावांना तेच खरं वाटत राहिलं. वाचलेलं आणि जगलेलं आपल्याला वेगळं करता येत नाही, हे ते ओळखून होते. पण हा झोका पुस्तकातला निघाला, तर अप्पांचं म्हणून त्यांच्याजवळ काहीच उरत नव्हतं.

मशीन घरघरलं. पाचर टोकाकडून ओंडक्यात शिरली, कडकड आवाज झाला आणि धुक्यात आंबूस वास पसरला. जांभळट गाभा उघडा पडत गेला. भेग निम्म्यापर्यंत धावली आणि थांबली. दोन्ही फाका थरथरत होत्या, पण एकमेकींना सोडत नव्हत्या.

"गाठ हाय," वैजनाथ ओरडला. "जोर वाढवतो."

किशनराव उठले. साल वाढत वाढत साखळी गिळून टाकते, हे त्यांना ठाऊक होतं. आत साखळी असेल आणि ताणात तुटली, तर कडी सुटून थेट पोराच्या तोंडावर येईल. आणि आत काहीच नसेल, तर बहीण येळवशीला सगळ्या भावकीत हसं करेल.

"थांब!" आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "वैजनाथ, मागं घे! आत साखळी हाय!"

मशीन बंद झालं. पलीकडे उभ्या असलेल्या चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घ्या! निघाला मामाचा झोका!"

वैजनाथनं मोबाइलचा उजेड भेगेत धरला. मग हलकेच म्हणाला, "आई, इकडं ये."

आत लाकूड निळंकाळं झालं होतं. त्या डागाच्या मधोमध गंजलेल्या कड्या होत्या. तिथून हातभर पलीकडे तसाच दुसरा डाग, तशाच कड्या.

चांगुणाबाईंनी बोट घालून कडी चाचपली. "ही तर आपल्या मोटंची साखळी," त्या पुटपुटल्या. "मी नांदायला मुदखेडला गेले, तवा विहिरीवर होती." बोट दुसऱ्या डागाकडे नेत म्हणाल्या, "म्हंजी मी गेल्यावर बांधला त्यांनी." मग आणखी हळू, "मला न्हाई कधी दिला झोका."

आपल्याला जे मिळालं ते असं बहिणीसमोर उघडं पडेल, हे किशनरावांच्या ध्यानीमनी नव्हतं.

वैजनाथनं भेगेतल्या कड्या ग्राइंडरनं कापल्या. मग पाचर हलकेच पुन्हा सरकली आणि ओंडका दुभंगला. एक फाक पाठीवर उताणी पडली. वरून सपाट, खालून गोल. पडल्यावरही ती जरा वेळ डुलत राहिली.

"अक्का," किशनराव म्हणाले, "बस हिच्यावर."

"येडा झाला का? या वयात?"

"बस ग."

चांगुणाबाई पदर सावरत, कुरकुरत बसल्या. दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरलं. किशनरावांनी मागं जाऊन बहिणीच्या पाठीवर तळवा ठेवला. किती जोर द्यायचा हे त्यांच्या स्वतःच्या पाठीला आठवत होतं. फाक पुढं कलली, मागं आली.

"पाडशील रे," चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

वैजनाथ खाली उतरून हात पुसत उभा होता. मशीन सुरू करायचं त्याच्या मनात येईना. धुक्यात मामा काहीतरी गुणगुणत होते, शब्द काही कळत नव्हते.