आतली शिवण

"आतून अस्तर कशाला?" डिझायनरने चामड्याची बाही उलटी करून पाहिली. "आतलं कोणाला दिसणार आहे?"

"दिसत नाही, टोचतं," मावशी म्हणाली आणि बाही त्याच्या हातातून काढून घेतली.

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशी एकतीस वर्षं चामडं शिवत होती. सगळ्यांचीच ती मावशी. आता बहुतेक हातपाय प्लास्टिकचे होत, त्यासाठी पलीकडच्या हॉलमध्ये यंत्रं होती. चामड्याच्या कोपऱ्यात ती एकटीच उरली होती. प्लास्टिक ज्यांना सोसत नाही असे दोघेतिघे महिन्याला यायचे, आणि त्यांच्यासाठी ती दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन बसायची. गाठ कधीही आतल्या बाजूला येऊ द्यायची नाही, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम नव्हताच.

आणि आता हा आला होता. टोपीवर पितळी गॉगल, जाकिटाला दोन ओळी बटणं, कमरेला तीन पट्टे, मनगटावर बंद घड्याळांची चाकं. हॉलमधल्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'इंजिन' ठेवलं. त्याला स्टेजवर आठ मॉडेल चालवायचे होते, प्रत्येकाला चामड्या-पितळेचा एकेक यांत्रिक हात लावून.

"स्टीमपंक म्हणतात याला, मावशी. जग वाफेवर चालायचं ना, तोच काळ पुढे चालू राहिला असता तर कसं दिसलं असतं, तसं."

"मॉडेलना हात नाहीत?"

"आहेत की! हातावरूनच चढवायचे हे."

"आणि ही चाकं काय करतात?"

"काही नाही. दिसायला."

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. धडधाकट हातांवर खोटे हात, न फिरणारी चाकं, आणि बाहेर बाकावर खरी गरजू बाई बसलेली. पण खरं सांगायचं तर पोरगा आळशी नव्हता. गॉगल त्याने स्वतः पाइपच्या तुकड्यांतून घडवला होता, पितळेला डाग देताना भाजल्याचे चट्टे बोटांवर होते. राग त्याचाच जास्त येत होता. इतकं हाताने करणारा माणूस, आणि आत बघायचं म्हणून सुचू नये?

बाहेरची बाई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. इस्त्रीच्या रोलरने तिचा उजवा हात कोपराखाली चार बोटं सोडून पुढचा सगळा नेला होता. प्लास्टिकचा हात लावून पाहिला, तर लॉन्ड्रीच्या उकाड्यात कातडीला फोड आले. म्हणून चामड्याचा. महिन्यापूर्वी मावशीने तिच्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला होता आणि तेव्हापासून दर मंगळवारी ती येऊन बसत होती.

"मावशी, झाला का हो?"

"नाही गं."

"पहिल्या तारखेपर्यंत कामावरची जागा ठेवतो म्हणालेत. पुढे दुसरी बाई घेणार."

मावशी धाकट्या मालकांकडे गेली. थोरले मालक गेल्यापासून कारभार त्यांच्याकडे होता.

"आधी शोचे आठ हात," ते म्हणाले. "पेपरात आपलं नाव येईल. तिला प्लास्टिकचाच द्या ना थोडा सैल करून."

"फोड आलेत तिला."

"मावशी, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता."

परत आली तर इंजिन फळीसमोर उभा. त्या फळीवर एकतीस वर्षांचे साचे होते, पांढरे, गुळगुळीत, कोणाचा गुडघ्याखाली, कोणाचा खांद्यापाशी संपलेला. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव.

"कसले भन्नाट आहेत हे! स्टेजवर छताला टांगू. काय माहोल होईल!"

"न्या की," मालक मागून म्हणाले. "जुनेच आहेत."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही माणसं होती. यातली काही तिच्या हातचा पाय घालून लग्नाला उभी राहिली होती, काही तोच पाय घालून स्मशानात गेली होती. त्यांच्यातल्या एकालाही न विचारता इंजिनाने साचे खोक्यात भरायला घेतले. मावशीने एकच साचा उचलला आणि आपल्या टेबलावर ठेवला.

"हा राहू दे. ओला आहे अजून," ती चक्क खोटं बोलली.

सात हात झाले होते. आठव्यापुरता चांगल्या चामड्याचा तुकडा उरला होता, शेवटचा. मावशीने तो भिजवला आणि इस्त्रीवालीच्या साच्यावर ओढून खिळ्यांनी ताणून बसवला. दोन दिवस सुकू दिला. मग आतून मेंढीचं मऊ कातडं, कोपराला बिजागरी, खांद्यावरून पट्टा. बाकीच्या सात हातांवरची तार नुसती शोभेची होती. या आठव्याची तार तिने खांद्याच्या पट्ट्यापासून पंजाच्या जागच्या पोलादी आकड्याला खरोखरची जोडली. हे सगळं तिने भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं. कोणी आत डोकावलं असतं तर लगेच कळलं असतं. इंजिन रोज यायचा, वरून चाकं ठोकायचा, "आठवा सगळ्यात भारी झालाय" म्हणायचा आणि जायचा.

शोच्या आदल्या दिवशी सगळे मॉडेल आले. इस्त्रीवालीही आली होती. मंगळवार नव्हता, मावशीनेच निरोप धाडला होता. सात हात चढले. आठवा घेऊन एक उंच पोरगा धडपडत राहिला.

"जात नाहीये. आत बंद आहे."

"जोर लाव ना," इंजिन म्हणाला.

"खबरदार जोर लावशील तर!" मावशी उठली. "तो हात तिथंच संपतो."

"म्हणजे? मावशी, काय केलंत हे?" मालकांचा आवाज चढला.

"ऑर्डर पुरी केली."

"कोणाची?"

"महिनाभर तुझ्या दारात बसलीये तिची! इतके दिवस तुला 'तुम्ही' म्हणत आले, आज नाही म्हणणार. चामड्याच्या कात्रणांत खेळत मोठा झालास इथं. बाकावरचं माणूस हातपाय घालून बघितल्याशिवाय परत जाता कामा नये, असं तुझे वडील म्हणायचे. आणि तू तिचं चामडं उचलून ह्या सोंगांना दिलंस? लाज नाही वाटली?"

हॉलमधली यंत्रं कोणीतरी बंद केली. मालकांचा चेहरा लालबुंद झाला होता.

मावशीने दार उघडून इस्त्रीवालीला आत घेतलं. बाही चढवली, नाडी आवळली, पट्टा पाठीवरून दुसऱ्या खांद्याला अडकवला.

"टोचतं कुठं?"

"नाही."

"खांदा पुढे कर."

तिने केला. आकडा उघडला. खांदा मागे घेतला, मिटला. तिने पुन्हा केलं, मग पुन्हा, आणि कोणाकडेही न बघता ती रडली.

"अस्सल!" इंजिन भारावून गेला होता. "ताई, उद्या तुम्हीच चला ना स्टेजवर. सगळे उभे राहतील बघा."

"उद्या पहिली तारीख. मला कामावर जायचंय."

"शो संध्याकाळी आहे."

"संध्याकाळी मी दमलेली असेन," ती म्हणाली. "आणि तेवढी चाकं काढून द्या. कापडात अडकतील."

इंजिनाचं तोंड एवढंसं झालं. पट्ट्यात शोभेला खोचलेला पेचकस त्याने ओढला आणि खाली बसून आपणच ठोकलेली चाकं एकेक करून काढली. शेवटचं काढताना त्याचं बोट बाहीच्या काठाआड गेलं आणि आतल्या शिवणीवरून फिरलं. एकही गाठ लागली नाही. 

"मावशी," मालक म्हणाले, "उद्यापासून तुम्ही यायची गरज नाही."

"येणारही नव्हते. पण ते साच्यांचं खोकं इथंच राहील."

कोणी अडवलं नाही. मावशीने एकेक साचा काढून फळीवर परत ठेवला, नाव पुढे करून. त्याला बराच वेळ लागला आणि तोवर सगळे ताटकळत उभे राहिले, मालकसुद्धा. मग तिने आपल्या दोन सुया मेणाच्या गोळ्यात खोचून पिशवीत टाकल्या, एप्रन काढला आणि चुरगळून टेबलावर फेकला.  एकतीस वर्षं, आणि निघायला पाच मिनिटं.

इस्त्रीवालीने तो एप्रन उचलला. टेबलावर पसरला. खांदा पुढे करून आकड्यात एक टोक धरलं, डाव्या तळव्याने सुरकुती नि सुरकुती मोडली, काठाला काठ लावला, आणि लॉन्ड्रीत घालतात तशी चौकोनी घडी घालून ती मावशीच्या हातात दिली.